नौपाड्यातला ध्यानवर्ग : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गच्चीवरची खोली मिळाली. सेक्रेटरी काकांची अट एकच, सव्वासातला आटोपायचं. त्यानंतर टाकीची मोटर सुरू होते आणि तिच्यापुढे कुणाचं काही ऐकू येत नाही. म्हणजे बुधवारी आणि रविवारी, संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात. सतरंज्या गणपतीच्या सामानातल्या, खुर्च्या सोसायटीच्या.

वर्ग कशासाठी, ते आधी लिहून ठेवते. मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केल्यापासून रोज ध्यानाला बसतेही. या दोन गोष्टी मला एका खोलीत आणायच्या आहेत. जिथे बसायला शिकवतात तिथे शरीरात काय घडतं हे बहुधा लहरी, ऊर्जा अशा मोघम शब्दांत सांगून होतं; आणि जिथे मेंदूबद्दल नीट बोलतात तिथे कुणी डोळे मिटून बसत नाही. खरं तर आपल्याकडे हा प्रयत्न जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते प्रयोगशाळेसकट. यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली आणि दाब मोजून तपासल्या आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. हे काम ठाण्याच्या इतकं जवळ शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेलं असताना आपण ध्यानाबद्दल ऐकीव बोलत राहावं, हे मला पटत नाही.

मुदत आठ आठवडे. हा साचा जॉन कबाट-झिन यांचा. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढचं बरंचसं संशोधन त्याच्यावरच झालं. पण त्यात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग असतो, घरी रोज पाऊण तास बसायचं असतं आणि मध्ये एक अख्खा दिवस मौनात काढायचा असतो. आमच्या मंडळींना लोकल आहे, डबे आहेत, नातवंडांच्या शाळा आहेत. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं एवढंच मागता येईल. मात्रा इतकी कमी असताना त्या अभ्यासांतला फायदा आमच्या वर्गाच्या नावावर सांगायचा नाही, हे आजच ठरवलं.

८ जानेवारी, बुधवार

पहिला वर्ग. बारा-पंधरा जण आले. निम्मे साठीच्या पुढचे, एक बारावीची मुलगी, दादरला नोकरी करणारा एक तरुण, बाकी गृहिणी.

सुरुवात बसण्यापासून. तिसऱ्या मजल्यावरचे काका मांडी घालायला निघाले. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत आहे, त्यांना खुर्ची दिली. "खुर्चीत बसून कसलं ध्यान?" म्हणाले. पाठीचा कणा स्वतःच्या बळावर उभा राहतोय का, एवढंच बघायचं. म्हणून खुर्चीच्या पाठीला टेकायचं नाही, थोडं पुढे सरकून बसायचं, तळवे जमिनीला पूर्ण टेकवायचे. पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्यायचा. जमिनीवर बसणाऱ्यांना चादरीची जाड घडी बैठकीखाली दिली. त्यामुळे गुडघे कमरेच्या खाली येतात, कंबर मागे कलंडत नाही आणि मांडी जास्त वेळ टिकते. पायाला मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका, पाय मोकळा करा, असंही सांगितलं. नसेवर दाब पडतोय एवढाच त्याचा अर्थ, त्यात साधना काही नाही.

मग सूचना दिली: नाकपुडीच्या आत, जिथे हवा लागते, तिथे लक्ष ठेवा. श्वास खोल करू नका, मोजू नका, जसा येतोय तसा येऊ द्या. थोड्याच वेळात थांबवलं. एकेकाला विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मन लागलं नाही, ताई." एक काकू तर अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या की उद्याच्या इडलीचं पीठ भिजवायचं राहिलं तेच डोक्यात घोळत होतं.

याच क्षणासाठी मी तयारी करून गेले होते. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसातून अवेळी विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. म्हणजे मन भरकटणं हा आमच्या काकूंचा दोष नाही. दुसरा अभ्यास वेंडी हॅसनकॅम्प यांचा, २०१२ चा. ध्यानाची सवय असलेल्या १४ जणांना त्यांनी एमआरआय यंत्रात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मन भरकटल्याचं लक्षात येताच बटण दाबायचं. त्यातून चार पायऱ्यांचं चक्र दिसलं: मन भरकटतं, ते लक्षात येतं, लक्ष वळवलं जातं, मग काही काळ टिकतं आणि पुन्हा भरकटतं. प्रत्येक पायरीला मेंदूतले वेगवेगळे भाग पुढाकार घेतात. भरकटताना जे जाळं जागं असतं, ते आपण काही करत नसताना आपोआप चालू असतं. मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

काकूंना म्हटलं, पीठ आठवलं ही पहिली पायरी; "अरे, मी पिठात आहे" हे कळलं ती दुसरी. ती दुसरी पायरी हाच व्यायाम. श्वासावर एक क्षणही न ढळता बसलेल्या माणसाला तो व्यायाम मिळतच नाही. त्यांचा चेहरा उजळला. आठ आठवड्यांत दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, पण हे प्रत्येकाच्या मनात नीट उतरायला हवं.

१२ जानेवारी, रविवार

आज नाडी. सगळ्यांना डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची दोन बोटं ठेवायला लावली. नाडी सापडेपर्यंत बराच गोंधळ झाला, तो होऊ दिला. मग म्हटलं, आता सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा आणि ठोक्यांमधलं अंतर बघा.

बारावीच्या मुलीने डोळे मोठे केले. "ताई, सोडताना हळू होते!" श्वास घेताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या एका नसेचा, हृदयावरचा लगाम सैल होतो आणि ठोके भरभर पडतात, सोडताना लगाम पुन्हा आवळला जातो आणि ठोके लांबतात. हे निरोगी शरीरात दिवसभर चालू असतं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला तर लगाम आवळलेला काळ वाढतो. घाबरलेल्या माणसाला आपण पाठीवर हात ठेवून "हळू श्वास सोड" म्हणतो, त्यामागे हे आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना काहीच फरक लागला नाही. लगेच विचारलं, "माझं काही बिघडलंय का?" नाही. वयाबरोबर हा चढउतार कमी होत जातो, आणि बोटांना जाणवण्याइतका तो तरुणपणीच असतो.  प्रयोग ज्याच्यावर दिसतो त्याच्यावरच दाखवावा आणि ज्याच्यावर दिसत नाही त्याला कारण सांगावं; नाहीतर माणूस घरी जाऊन काळजी करत बसतो.

१५ जानेवारी, बुधवार

तिळगूळ वाटून वर्ग सुरू झाला. तळमजल्यावरच्या आजी पहिल्यांदाच आल्या, तुळशीची माळ घेऊन. त्यांना श्वासाकडे बघायचं नव्हतं. "मी आपली रामकृष्णहरी म्हणते. चालेल ना गं?"

चालेलच. त्या जप करत होत्या तेव्हा मी शेजारी बसून त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. एका उच्छ्वासात तीन-चार वेळा नाम, मग खांदे जरा वर येत, पुन्हा तीन-चार वेळा नाम. मणी अंगठ्याने आत ओढताना मधलं बोट वाकत होतं, पण तर्जनी माळेला लागत नव्हती. श्वास मिनिटाला सहा-सात भरले. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस घेतो.

इटलीत लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर हेच मोजलं होतं. लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाब वरखाली होताना हृदयाने त्याला दिलेला प्रतिसाद जास्त चपळ झाला. रक्तदाबाची स्वतःची एक नैसर्गिक लाट साधारण दहा सेकंदांची असते. मिनिटाला सहा श्वास घेतले की दोन्ही लाटा जुळतात. आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आईला ठाऊक होतं." मला ते वाक्य फार आवडलं, पण वहीत एवढीच भर घालते: त्या अभ्यासात बघितलं ते मंत्र म्हणतानाचं शरीर. भक्तीचं मोजमाप त्यात नव्हतं, आणि आजींसाठी भक्तीच मुख्य आहे. त्यांच्या माळेला मी 'श्वासाचं तंत्र' म्हणणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार

रूळ जवळ असल्याने खोलीत गाड्यांचा आवाज सतत येतो. लोकलची घरघर ठीक आहे, पण लांब पल्ल्याच्या गाडीचा भोंगा वाजला की निम्मा वर्ग दचकतो. दादरवाला तरुण वैतागला. "दिवसभर ट्रेनमध्येच असतो, निदान इथे तरी नको." येऊरच्या जंगलाच्या बाजूला जागा बघू का, असंही त्याने सुचवलं. मी नाही म्हटलं आणि कारण सांगायला बसले, ते संपेपर्यंत सव्वासात झाले.

दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा अभ्यास छापला. शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा लहरी असतात आणि मोठा आवाज किंवा प्रखर उजेड आला की त्या तुटतात. समाधीत बसलेल्या योग्यांच्या अल्फा लहरी आवाजाने, उजेडाने, अगदी तापवलेली काचनळी अंगाला लावूनही तुटल्या नाहीत. दोघा योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाच्या वर हात ठेवला होता. पुढे १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर प्रयोग केला, तिथे उलटंच दिसलं. टकटक आवाज पुन्हा पुन्हा केला तर साध्या माणसाचा मेंदू त्याला सरावतो, पण त्या साधकांचा मेंदू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा जागा झाला.

वर्ग ऐकत राहिला. मग काका म्हणाले, "मग खरं कुठलं?" प्रश्न अगदी नेमका. माणसं मोजकी होती, आणि १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी अनेक गटांवर तपासलं तेव्हा त्यांना असा फरक आढळलाच नाही. तरी लक्ष ठेवायच्या दोन रीती वेगळ्या आहेत हे खरं, आजचे संशोधकही तशी विभागणी करतात: एकाच गोष्टीवर लक्ष बांधून ठेवणं, आणि जे येईल ते येताना-जाताना बघणं. तरुणाला म्हटलं, तू सध्या पहिली रीत शिकतोयस. भोंगा वाजला की "आवाज" एवढंच मनात म्हण आणि नाकपुडीकडे ये. वैताग आला तर "वैताग" म्हण. जागा बदलायची नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत एक गाडी गेली. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि काही सेकंदांनी गेली. मी बघत होते.

२९ जानेवारी, बुधवार

पेंग. गोळ्या घेणारे, पहाटे उठणारे आणि डबे करून दमलेले, सगळे डुलतात. उपाय साधे आहेत: डोळे अर्धे उघडे, नजर समोरच्या फरशीवर, हनुवटी जराशी आत. तरीही झोप येत असेल तर ती झोपेचीच गरज आहे, घरी जाऊन झोपावं. योगनिद्रा मागणाऱ्यांना सांगितलं की ती घरी, आडवं होऊन करा. इथे जागं राहायला शिकायचंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शरीरभर लक्ष फिरवायचं होतं, पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत. छातीशी आलो तेव्हा एका ताईंनी एकदम डोळे उघडले, श्वास वर ओढला आणि भिंत धरली. मी त्यांना बाहेर गच्चीवर नेलं. नाडी जलद पण नियमित. घाम, हातापायांना मुंग्या. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायला लावल्या, कठड्याचा गारवा हाताला घ्यायला सांगितला, श्वासाचं नावही काढलं नाही. पाच-दहा मिनिटांत त्या सावरल्या. त्यांच्या घरात गेल्या वर्षी मृत्यू झालाय, आणि शांतता झाली की सगळं वर येतं, असं त्या म्हणाल्या. उद्या डॉक्टरांना दाखवून हृदयाची तपासणी करून घ्या असं सांगितलं. छातीची धडधड 'मनाचीच असेल' म्हणून सोडायची नसते.

ध्यान सगळ्यांना सदैव सुखाचंच असतं, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन यांच्या गटाने २०१७ मध्ये बौद्ध ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास छापला. त्यात भीती, झोप उडणं, जुना आघात वर येणं, आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं, असे अनुभव नोंदले आहेत. ज्याला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार होऊन गेलाय, ज्याचा आघात ताजा आहे, त्याने मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लांब बैठकी करू नयेत. नव्याने येणाऱ्यांना हे मी पहिल्याच दिवशी सांगणार. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फळ्यावर लिहिला. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी तपासून त्या ताईंना चालायला हरकत नाही म्हटलं. म्हणून आज सकाळी साडेसहाला त्या, मी आणि आणखी तिघी कचराळी तलावावर. तिथल्या ट्रॅकवर या वेळी भरपूर माणसं असतात, म्हणून कडेने, अगदी सावकाश. डोळे उघडे. टाच उचलली, पाऊल हवेत, टाच टेकली, चवडा टेकला, भार पुढे गेला, इतकंच बघायचं. मन गेलं की पुढच्या टाचेला परत. मागून येणारे "साइड, साइड" म्हणत निघून जात होते. दुसऱ्या फेरीला ताई म्हणाल्या, "हे जमतंय." पुढचे सगळे वर्ग त्या चालतच करतील. बसण्यापेक्षा हे कमी दर्जाचं आहे असं त्यांना वाटू नये म्हणून आज मीही बसले नाही, चाललेच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बारावीची परीक्षा कालपासून सुरू, मुलगी आली नाही. तिला एवढंच सांगून ठेवलंय: प्रश्नपत्रिका हातात पडली की तीन लांब उच्छ्वास, मग पेन.

आजचा वर्ग सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका निरोपावर गेला. '८ आठवडे ध्यान करा, मेंदू वाढतो, गोळ्या सुटतात.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यावरून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड केली होती. माझ्या पोटात गोळा आला. त्यांना आज रात्रीच डॉक्टरांना फोन करायला लावला.

मग दोन्ही दावे फळ्यावर घेतले. मेंदू वाढतो हे येतं कुठून? २००५ मध्ये सारा लाझार यांना ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूच्या सालीचे काही भाग जास्त जाड आढळले. २०११ मध्ये ब्रिटा होल्झेल यांना आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागात करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. पण २०२२ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर तोच आठ आठवड्यांचा कार्यक्रम काटेकोरपणे तपासला आणि मेंदूच्या रचनेत त्यामुळे झालेला फरक सापडला नाही. डेव्हिडसन स्वतः ध्यानसंशोधनातलं मोठं नाव. आपल्याच आवडीच्या विषयावर असा निष्कर्ष त्यांच्या गटाने छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

गोळ्यांचं मूळही २०२२ च्याच अभ्यासात आहे. एलिझाबेथ होग यांनी चिंताविकाराचं निदान झालेल्या २७६ जणांची दोन गटांत विभागणी केली. एकांना एस्सिटॅलोप्रॅम हे औषध, दुसऱ्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम. दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखीच कमी झाली. मोठी गोष्ट आहे ती. पण तो पूर्ण अभ्यासक्रम होता, रोजच्या पाऊण तासासकट. आणि चालू असलेलं औषध बंद करून ध्यान करायला त्यात कुणाला सांगितलं नव्हतं. रक्तदाबाचा तर त्यात विषयच नाही. रक्तदाबाबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये म्हटलंय ते इतकंच की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही.

मग मिळतं काय? माधव गोयल यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा, त्याला बऱ्यापैकी पुरावा. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा नाही. काकू म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढं. गोळी चालू ठेवून, फिरणं चालू ठेवून, वर हे एवढं. माझ्या मते ते पुष्कळ आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, वर्ग नाही. काकांचा रक्तदाब पुन्हा ताब्यात आलाय, गोळी रोज चालू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, निम्मी मंडळी कोपिनेश्वराच्या रांगेत. उरलेल्यांबरोबर भ्रामरी केली, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. वाइत्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड पंधरापट होतं. कंपनामुळे सायनसमधली हवा भराभर खेळते. सर्दी बरी होते असं त्यावरून म्हणता येत नाही. भ्रामरी मी घेते ती दुसऱ्या कारणाने: आवाज निघत असल्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो, कुणाला मोजत बसावं लागत नाही.

२ मार्च, रविवार

ठरलेली मुदत आज संपली. वर्ग मात्र चालू राहणार. वेळ देण्याचं काम इडलीवाल्या काकूंनी मागून घेतलं. आजी माळेसह येतील, त्या ताई चालतील. दादरवाला तरुण आता घाटकोपरपर्यंत उभ्याने श्वास बघतो; बसायला जागा मिळाली की झोपतो, असं त्याने स्वतःच सांगितलं.

काकूंना एक कागद लिहून दिला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारायचं: काही आजार, औषधं, अलीकडे घरात काही घडलंय का. औषधाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. कुणी घाबरलं तर डोळे उघडायला लावून गच्चीवर न्यायचं. बैठक संपल्यावर "मन लागलं का" असं विचारायचं नाही, "कुठे कुठे गेलं होतं आणि कधी कळलं" असं विचारायचं. हे शेवटचं वाचून काकू म्हणाल्या, "हे लिहायची गरज नव्हती."

एप्रिलपासून संध्याकाळी गच्ची तापलेली असते. १ तारखेपासून वर्ग सकाळी सहाला. पंख्याच्या रेग्युलेटरसाठी इलेक्ट्रिशियनला सांगायचं आहे.